कुंडीखालच्या चार मेणबत्त्या

गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला राहतात. "ताई, त्या छोट्या टी-लाइट मेणबत्त्यांचे दहा बॉक्स हवेत. वासाच्या नकोत, साध्याच." मी विचारलं, घरी काही कार्य आहे का? "छे हो, हीटर करायचाय!"

दहा बॉक्स म्हणजे पाचशे नग. मी दहिसरला घरीच मेणबत्त्या करते. दिवाळी सरली की नाताळच्या थोड्या ऑर्डरी सोडल्या तर हात रिकामे. तोंडावर "हो" आलंच होतं. पण बाईंनी व्हिडिओ पाठवला आणि मी म्हटलं, उद्या सांगते.

व्हिडिओत चार मेणबत्त्या, त्यांवर विटांच्या टेकूने उपडी ठेवलेली मातीची कुंडी, आणि "रात्रभर खोली गरम" असं ठसक्यात सांगणारा एक माणूस. मुंबईत हीटर म्हटल्यावर पुण्या-नाशिकचे लोक हसतील. हसोत. पार्काच्या बाजूला पहाट खरंच गार असते. आमच्या सासूबाईंकडे तर 1962 च्या जानेवारीची गोष्ट आहेच, सांताक्रूझला पारा 7.4 वर उतरला होता ती. दर हिवाळ्यात एकदा तरी ऐकवतात.

शनिवारी रात्री प्रयोग मांडला. दहा बाय बाराची खोली, खिडक्या बंद, भिंतीवर तापमापक. सुरुवातीला 21.5. मुलगा बारावी सायन्सला, तो वही घेऊन बसला. सासूबाई स्वतःहून खुर्ची ओढून आल्या.

कुंडी तापली, यात वाद नाही. अर्ध्या तासात हात लावून बघायची सोय राहिली नाही. सासूबाईंनी तळवे जवळ धरले आणि म्हणाल्या, "हात शेकायला बरंय गं." ते खरंच आहे, आणि हीच त्यातली फसगत. तापलेली कुंडी समोर दिसते, जवळ बसलं की ऊब लागते, म्हणून खोली तापली असं वाटतं. तासाभराने काटा 22.6 वर होता.

मुलाने हिशोब केला. माझ्या एका टी-लाइटमध्ये 14 ग्रॅम मेण, ते चार तास जळतं. ग्रॅमला साधारण 43 किलोज्यूल धरले तर एक मेणबत्ती 40 वॅटच्या आसपास. चार मिळून 160. साधा खोलीचा हीटर हजार-दोन हजार वॅटचा असतो. कुंडी स्वतः काही उष्णता तयार करत नाही, मेणातून निघेल तेवढीच साठवते आणि हळूहळू सोडते. नुसता बसलेला माणूससुद्धा शंभरेक वॅट उष्णता बाहेर टाकतो. "म्हणजे आजीनेच अडीच मेणबत्त्यांचं काम केलंय," मुलगा म्हणाला. आम्ही तिघं खोलीत नसतो तर काटा किती हलला असता कोण जाणे.

पैशांचंही गणित बसत नाही. एका युनिट विजेइतकी उष्णता मिळवायला अशा सहा मेणबत्त्या लागतात. माझी सगळ्यात स्वस्त नग पाच रुपयांची. युनिटला तीस रुपये तर वीजबिलाच्या शेवटच्या स्लॅबलाही पडत नाहीत!

मग ते झालं. कुंडी लहान, म्हणून मी चारही वाट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या होत्या. तासाच्या वर थोडी मिनिटं झाली आणि मला तो वास आला. धंद्याच्या पहिल्या वर्षी गॅसवर मेणाचं पातेलं विसरले होते तेव्हाचा, घशाला लागणारा. वाकून पाहिलं तर एका वाटीत ज्योत वातीवर राहिलीच नव्हती, अख्ख्या मेणाचा पृष्ठभाग जळत होता. मेण दोनशे अंशांच्या आसपास गेलं की त्याची वाफच पेट घेते. म्हणून तर आम्ही पातेल्यात पाणी ठेवून त्यात मेण वितळवतो. इथे चार ज्योती एकमेकींना तापवत होत्या आणि वरून कुंडीचं झाकण.

मुलगा तांब्या घेऊन धावला. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्यांनी बेल वाजवली. जळत्या मेणावर पाणी पडलं की ते तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटलेलं मेण छतापर्यंत उडतं. सांडशीने कुंडी बाजूला केली, वर स्टीलचा टोप पालथा घातला, विझलं. 2022 मध्ये युरोपात गॅस महागला तेव्हा जर्मनीत लोक हेच करू लागले होते आणि तिथल्या अग्निशमन दलांना इशारे द्यावे लागले, ते मी दुसऱ्या दिवशी वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

सासूबाईंना मात्र बाळंतिणीची शेगडी आठवली. "आमच्या वेळी खाटेखाली निखारे ठेवायचे, पण दार कधी लावून नाही घ्यायचे." बरोबरच. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं उठतच नाहीत, अशा बातम्या उत्तरेकडून दर थंडीत येतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मेणबत्तीतून तो कोळशाच्या मानाने फार थोडा निघतो, पण ज्योत काजळी धरायला लागली की वाढतो. आमच्या कुंडीच्या आत बोटभर जाड काळं वर्तुळ उमटलंय.

बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या जरा हिरमुसल्या. "मग माझे पाय गार पडतात त्याचं काय?" मी म्हटलं, मोजे घाला, गरम पाण्याची पिशवी घ्या, वर गोधडी. थोडा वेळ गप्प राहिल्या.

"बरं मग, मोगऱ्याच्या वासाच्या दोन द्या."