नातू ओळखतो का तुम्हाला?

लेकीकडून, जर्मनीतल्या म्युनिकहून परत येऊन चार महिने झाले, तरी सांगलीत ओळखीचं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच. बँकेत, भिशीत, गणपतीच्या देवळाबाहेर चपला घालताना. "मग, नातू ओळखतो का आता तुम्हाला?" विचारणाऱ्याच्या आवाजात इतकी माया असते की मी आपली "हो, ओळखतो की" म्हणून पुढे जाते. आज खरं उत्तर देते.

नाही ओळखत.

मी निघाले तेव्हा तो बारा आठवड्यांचाही झाला नव्हता. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो शेंगेन व्हिसा असतो, त्यावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि पोचण्याचा नि निघण्याचा दिवसही त्या नव्वदात धरतात. त्याच्या जन्माच्या आठवडाभर आधी मी पोचले होते. सातव्या आठवड्यात तो माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला, पण त्या वयात बाळ वाकून बघणाऱ्या कुठल्याही चेहऱ्याला हसतं. जानेवारीत विहीणबाई तिकडे पोचल्या, त्यांचे नव्वद दिवस सुरू झाले. आता फोनवर मी दिसले की तो फोनच तोंडात घालायला बघतो. वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला सांगू.

पण मी नातवासाठी गेले होते, असं तुम्ही धरून चालता, तिथेच मला थांबवावंसं वाटतं. मी लेकीसाठी गेले होते.

"तिथे सगळ्या सोयी असतात, मग तुम्ही काय केलंत?" हा पुढचा प्रश्न. सोयी खरंच आहेत. जावयांनी महिन्याची रजा काढली होती. शिवाय तिथे 'हेबामे' असते, म्हणजे आपली सुईण, फक्त रीतसर शिकलेली. बाळंतीण घरी आली की पहिले दहा दिवस ती गरजेप्रमाणे रोज येते, पुढेही बारा आठवड्यांपर्यंत येऊ शकते आणि पैसे आरोग्य विमा देतो. मोठ्या शहरांत हेबामे मिळणं इतकं अवघड झालंय की लेकीनं दिवस गेल्याचं कळल्याबरोबर शोध सुरू केला होता. तिची हेबामे चाळिशीची, सायकलवरून यायची. झोळीसारख्या फडक्यात बाळाला घालून ताणकाट्याला अडकवायची आणि वजन घ्यायची. पहिल्या दिवशी माझ्या काळजात धस्स झालं.

बाळंतिणीच्या या दिवसांना जर्मनमध्ये 'वोखनबेट' म्हणतात. आठवड्यांचं अंथरूण, असा काहीसा अर्थ. हेबामेनं लेकीला सांगितलं आणि लेकीनं मला मराठीत: एक आठवडा अंथरुणात, एक आठवडा अंथरुणावर, एक आठवडा अंथरुणाच्या आसपास. हेबामेच्या आजीच्या तोंडची म्हण. आपला सव्वा महिना जरा आखूड केला की हेच. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. दूध यावं म्हणून तिनं जो चहा प्यायला सांगितला, त्याचं खोकं मी हुंगून पाहिलं, तर बडीशेपेचा वास. मी माझ्या डब्यातल्या बाळंतशेपा काढून तिच्या तळहातावर ठेवल्या. तिनं चोळल्या, हुंगल्या आणि मान हलवली. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

सगळंच जुळलं असं नाही. गुटी उगाळायला मी सहाण नेली होती, ती तशीच परत आणली. मध घातलेलं काही तान्ह्याच्या तोंडात घालायचं नाही, त्यातून बोटुलिझम होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध नको. हे आपल्याकडचे डॉक्टरही सांगतात, त्यामुळे मी हट्ट केला नाही. ओव्याची धुरी फ्लॅटमध्ये शक्यच नव्हती, छताला धुराची घंटा. रोजच्या आंघोळीलाही हेबामेचा नकार. पण तेलमालिश मी सोडली नाही. एकदा ती आली तेव्हा मी पाय लांब करून, बाळाला नडग्यांवर घेऊन चोळत होते. ती शेजारी बसूनच राहिली. मग लेकीनं सांगितलं, एका फ्रेंच डॉक्टरांनी कलकत्त्यात एका आईला अशी मालिश करताना पाहून पुस्तक लिहिलं होतं, तेव्हापासून तिकडे हे शिकवतात.

आणि गोधडी. माझ्या आईच्या नऊवारीची मी बाळासाठी शिवून नेली होती. तिथे बाळाला पाठीवर, उशी-पांघरुणाशिवाय, झोपायच्या पिशवीत घालून निजवतात. पाळण्यात मऊ काही ठेवायचं नाही, श्वास कोंडू नये म्हणून. कारण पटलं, तरी त्या रात्री मी घडी घालून ती बॅगेत परत ठेवली तेव्हा हात जड झाले. सकाळी पाहिलं तर लेक ती पांघरून बाळाला पाजत बसली होती.

मी काय केलं ते त्या चौथ्या दिवसावरून सांगते. दूध उतरलं आणि त्याबरोबर रडू. हेबामेनं आधी सांगून ठेवलं होतं, असं होतं म्हणून. तरी समोर आपली लेक हुंदके देते तेव्हा सांगून ठेवलेलं कामी येत नाही. "आई, मला नाही जमत गं. तो का रडतो तेच कळत नाही मला." सगळे तिला बाळाचंच विचारत होते. वजन किती भरलं, किती वेळा पाजलंस, किती लंगोट ओले झाले. मी कंगवा आणला आणि तिच्या मागे बसले. बाळ झाल्यापासून केसांना हात लागला नव्हता, सगळा गुंता. तो सोडवायला पाऊण तास लागला. ती रडायची थांबली, मग बसल्या बसल्या माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून झोपली. शेजारच्या खोलीत जावई बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते.

नव्वद दिवस हेच केलं. तिला गरम जेवायला घातलं. दूध-तुपाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, म्हणून नुसता डिंक, अळीव, खारकेची पूड, मेथी, सुंठ नेली होती. तूप तिथेच कढवलं, अडीचशे ग्रॅमची लोण्याची चार पाकिटं एका वेळी. पहाटेचं पाजून झालं की बाळ माझ्याकडे, आणि तिनं सलग तीन तास झोपायचं, हा आमचा करार. डिसेंबरात साडेचारलाच काळोख व्हायचा, म्हणून दुपारी जेवण झालं की तिला इझार नदीकाठी चालायला पिटाळायची. एकटीला. बाळाशिवाय. पहिल्या दिवशी ती दहा मिनिटांत परत आली. शेवटच्या आठवड्यात तासभर फिरायला लागली होती.

जूनअखेर पुन्हा जायचं ठरलंय. तेव्हा तो नऊ महिन्यांचा होत आलेला असेल, नेमका परकं माणूस दिसलं की भोकाड पसरायच्या वयाचा. मी घ्यायला गेले की रडणार, हे धरूनच चालले आहे. लेकीची यादी आली आहे: अळीव, नाचणीचं सत्व, आणि या वेळी पोळपाट-लाटणंही आण.