गॅसचा वास आला तर खाली जायचं की वर?

घणसोलीत १२ वर्षं झाली आम्हाला, रात्री टीटीसीकडून, म्हणजे शेजारच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून, कधीतरी उग्र वास येतोच, पण परवा इतका आला की आई खोकत उठली. सोसायटीच्या ग्रुपवर सगळे एकच विचारत होते, खाली उतरायचं की वर जायचं? कोणालाच माहीत नाही!

मग वाचत बसले. १९८४ च्या भोपाळनंतर १९८९ मध्ये धोकादायक रसायनांचे नियम आले, त्यात साफ लिहिलंय की घातक कारखान्याच्या गेटबाहेरचा आपत्कालीन आराखडा प्रशासनाने बनवायचा, वर्षातून एकदा तरी मॉक ड्रिल घ्यायचं आणि कारखान्याने, थेट किंवा प्रशासनामार्फत, आसपासच्या लोकांना काय करायचं ते आधीच सांगायचं. आमच्या दारात आजवर साधं पत्रकही आलं नाही. तिकडे डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ ला स्फोट, परत मे २०२४ ला स्फोट, अजून किती वाट बघायची?

आणि घातपाताचं तर कोणी बोलतच नाही. अमेरिकेत अतिरेक्यांपासून केमिकल कारखाने जपायचा खास कार्यक्रम २००७ पासून होता, तोही जुलै २०२३ मध्ये मुदत संपून बंद पडला. अपघात असो की कोणी मुद्दाम व्हॉल्व्ह उघडो, आसपास राहणारी माणसं तीच ना.

एवढं तरी लक्षात ठेवा, क्लोरीनसारखा विषारी वायू असेल तर तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, म्हणून वरच्या मजल्यावर जा, खिडक्या, एसी बंद, फटींना ओले टॉवेल. बाहेर असाल तर वाऱ्याला आडवं चाला. आराखड्याची प्रत मागायला उद्या माहिती अधिकारात अर्ज टाकतेय, सोसायटीतल्या अजून चौघांनी सह्या केल्यात.