आमची वाटचाल: आधी तपासणी, मग मालीश

२०१५ मध्ये कोथरूडला भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही केंद्र सुरू केलं. मी फिजिओथेरपिस्ट, तुईना, म्हणजे चिनी उपचारात्मक मालीश, शांघायला शिकून आले होते. पहिली अडचण तेलाची. मालीश म्हटलं की आपल्याकडे कोमट तेल हवंच, आणि तुईना बहुतेकदा अंगावर सुती कापड टाकून कोरड्या हातानं करतात. ‘एवढे पैसे घेता आणि तेल नाही?’ हे खूप ऐकलं.

आमचं नाव झालं ते खुबा आणि जांघेच्या दुखण्यामुळे. याच्याइतकं फसवं दुखणं दुसरं नाही. खुब्याच्या सांध्याची कळ जांघेत येते, कधी थेट गुडघ्यात उतरते, कारण दोन्हीकडच्या काही नसा एकच आहेत. मग कुणी महिनोन्महिने गुडघा शेकतं, कुणाला हर्निया सांगितला जातो, कुणी कमरेला पट्टा बांधून फिरतं. नेमकं कुठे दुखतं विचारलं की काही जण अंगठा मागे, बोटं पुढे जांघेकडे, अशी खुब्याला पकड घालून दाखवतात. ती पकड दिसली की माझा संशय सांध्यावर. उताणं झोपवून, गुडघा दुमडून मांडी आत फिरवताना कळ आली, तर मालीश बाजूला आणि अस्थिरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी. स्टेरॉइड किंवा दारूमुळे खुब्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरत असेल, तर सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयच लागतो. अशा खुब्यावर जोर लावणं मला मान्य नाही.

आलेला रुग्ण परत पाठवताना भाड्याची तारीख डोळ्यांसमोर यायची. पण ज्यांच्याकडे पाठवले, त्याच डॉक्टरांनी पुढे स्नायूंच्या तक्रारीचे रुग्ण आमच्याकडे धाडायला सुरुवात केली. तिथे तुईनाचा छान गुण येतो. खुर्चीत बसून आखडलेला सोआस, म्हणजे कमरेच्या मणक्यापासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा स्नायू, खेळताना ओढला गेलेला मांडीचा आतला स्नायू, कुल्ल्यातला खोलवरचा स्नायू पिरिफॉर्मिस. ‘गुन-फा’ या तुईनातल्या लोळवण्याच्या तंत्रात करंगळीकडची हाताची पाठ टेकवून मनगटातून लोळवायची, मिनिटाला १२० ते १६० वेळा, लय न तोडता. नव्या मुली हे आधी तांदळाच्या पिशवीवर घोटतात. कुल्ला सैल पडला की ‘हुआनत्याव’ या कुल्ल्यावरच्या दाबबिंदूवर कोपरानं हळूहळू दाब. जांघेत मात्र अंगठाच, तोही बेतानं; मांडीची मोठी धमनी तिथे हाताखाली उडत असते. व्यायाम सोबत देतेच, नुसत्या मालिशीनं गुण टिकत नाही.

पहिल्या भेटीत आजही फक्त तपासणी होते. रात्री झोपेतही कळ येत असेल किंवा पायावर भार टाकता येत नसेल, तर आमच्याकडे न येता थेट हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.