काळं कुंकू

दिवाळीच्या आवराआवरीत आत्याच्या ट्रंकेत, इरकलीच्या घडीत, खापरपणजीचा फोटो सापडला. खुर्चीवर बसलेली, डोक्यावरून पदर, मांडीवर पुस्तक, मागे रंगवलेले विलायती खांब. इथे सोलापुरातच एका दुकानात मी तो मोठा करून, रंग भरून आणला. संगणकानं लुगडं काळंभोर केलं आणि कपाळावरचा ठिपकाही काळाच ठेवला.

आत्या बराच वेळ बघत राहिली. "हे कुंकू नव्हे रे, बुक्का दिसतोय. फोटो काढला तेव्हा विधवा होती की काय ती?"

मला ते पटेना. मूळ फोटो भिंगाखाली धरला तर पायांत जोडवी स्पष्ट दिसत होती. मग मी नीट मागे लागलो. पुठ्ठा मोजला: सव्वाचार बाय साडेसहा इंच. हे कॅबिनेट कार्डाचं, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फोटोच्या एका जुन्या प्रकाराचं माप, म्हणजे फोटो 1866 नंतरचा. कागद पिवळसर, पातळ, तंतू दिसणारा. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला.

खरा उलगडा मात्र काचेनं केला. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मऐवजी रसायन लावलेली काच असे. तिच्यावर निळा उजेड उमटायचा, लाल जवळपास उमटतच नसे. म्हणून लाल वस्तू काळी यायची आणि निळी फिकट पांढरी. मी आत्याला ठसठशीत कुंकू लावायला सांगितलं, लाल इरकल नेसवली, शेजारी पुतणीला आकाशी फ्रॉकमध्ये उभं केलं. मोबाइलवरचा फोटो संगणकावर घेऊन त्यातला लाल आणि हिरवा काढून टाकला, फक्त निळा ठेवला. कुंकू डांबरासारखं काळं! इरकल चंद्रकळेसारखी दिसायला लागली, फ्रॉक जवळजवळ पांढरा. आत्या म्हणाली, "अगं बाई, मीच बुक्का लावलेली दिसते की!"

पुस्तकावर मात्र मी हुरळून जायचं टाळलं. ती शिकलेली होती असं म्हणायला मला फार आवडलं असतं, पण पुस्तक, फुलदाणी, खांब ही स्टुडिओची मांडणी असायची. 1885 साली फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांचा एकत्र फोटो निघाला, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. वैद्यकीचं शिक्षण घेणाऱ्या त्या बायकांचा पोशाख पुष्कळ काही सांगतो. माझ्या खापरपणजीच्या हाती पुस्तक कुणी दिलं, हे फोटो सांगत नाही.

सांगतो तो तिचा डावा हात. पदराचा काठ मुठीत इतका घट्ट धरलाय की बोटांची पेरं उठून दिसतात. आधी मला तो संकोच वाटला. पण तेव्हा कितीतरी सेकंद न हलता बसावं लागे. हलू नये म्हणूनही माणूस काहीतरी धरून ठेवतो. परपुरुषाच्या कॅमेऱ्यासमोर बसणंच अनेकींना जमत नसे. म्हणून तर छायाचित्रकार लाला दीनदयाळांनी 1892 मध्ये हैदराबादेत खास बायकांसाठी स्टुडिओ काढला. आमची ही बाई मात्र थेट भिंगात बघतेय. नजर खाली नाही.

रंगवलेली प्रत मी बाजूला ठेवली. मूळ फोटोच्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं: "कुंकू लाल. लुगडं बहुधा लाल." आत्यानं खाली तिचं सासरचं नाव घातलं. माहेरचं कुणालाच आठवेना. पुढच्या रविवारी वळसंगला जाऊन विचारणार आहे.