वीस हात दोरी

बुद्धपौर्णिमेची दुपार. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या बाजूला एका पाणवठ्याशी, प्राणी मोजायला लिंबावरच्या मचाणावर मी बसलेलो आणि माझी पिशवी खाली बुंध्याशी. पिशवीत पाणी, दुर्बीण, कडक भाकरी, शेंगाचटणी. माझ्या हातात वीस हात नायलॉनची दोरी. दोरी कसली, कावळ्याचं घरटंच ते. सोलापूरच्या मे महिन्यात तहानलेल्या माणसानं गुंता सोडवायला बसू नये. हाताला येईल ते ओढत सुटतो. मी ओढलं. गाठ बसली.

"सर, दोरी सोडा की ओ!" खालून वनमजूर.

सामान पाठीवर घेऊन चढायचं नाही, दोन्ही हात मोकळे हवेत, ही अक्कल मी अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांबद्दल वाचून मिळवली होती. तिकडे झाडाला बैठक बांधतात. आधी माणूस वर, मग दोरीनं सामान. बंदूक असेल तर गोळ्या काढून, नळीचं तोंड जमिनीकडे ठेवून. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं शिकार गेली आणि मचाण प्राणी मोजण्यापुरतं उरलं. पण दोरीला कायदा कुठे माहीत? ती दोन्हीकडे सारखीच गुंतते.

का गुंतते, तर दोन शास्त्रज्ञांनी, रेमर आणि स्मिथ यांनी, २००७ साली हेच तपासलं. पेटीत दोरी टाकून पेटी गरागरा फिरवायची, गाठ पडली का बघायचं, असं तीन हजारांहून अधिक वेळा. काही सेकंदांतच गाठी पडायच्या. २००८ला त्यांना इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. अर्ध्या मीटरहून आखूड दोरीला गाठ क्वचितच पडते, असंही त्यांना दिसलं. छान. पण तेवढ्या दोरीनं माझी पिशवी टेबलावरसुद्धा चढणार नाही.

मला खरं तर इतकं लांब जायची गरजच नव्हती. लहानपणी आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत राहायचो. शेजारच्या अक्का दिवसभर मागासाठी कांड्यांवर सूत भरायच्या. दारात रहाट, मांडीशी सुताच्या लड्या, आणि गल्लीभर मागांचा खडखडाट. मी लडीत हात घातला की त्या तेलुगू वळणाच्या मराठीत ओरडायच्या, "ओढू नको रे! सैल कर. आधी टोक दे इकडं." उरलेलं सूत त्या कधी गोल गुंडाळत नसत. अंगठ्यावरून करंगळीकडे, मधे फुली मारत, पुन्हा अंगठ्याकडे. इंग्रजी आठासारखं. (मराठी आठ इथे कामाचा नाही, त्याच्यात फुलीच पडत नाही.) गोल गुंडाळलं की प्रत्येक फेऱ्याला एक पीळ चढतो आणि सोडताना तो पीळ वेटोळं घालतो. आठात एक वळण उजवं, एक डावं. पिळाला पीळ फिटतो. अक्कांनी हे समजावून कधी सांगितलं नाही. त्यांची बोटंच ते करायची, आणि मी बघत असायचो कांडीवर चढणाऱ्या रंगाकडे.

त्या दिवशी वनमजुरानंच शेवटी पिशवी खांद्याला लावून वर आणून दिली. पाणी गरम झालं होतं. रात्री काळविटं आली, पहाटे एक लांडगा येऊन गेला. दुर्मीळ झालेला माळढोक पक्षी दिसेल अशी आशा मी धरलीच नव्हती.

पुढच्या वर्षी आठ घालून, वर दोन वेढे देऊन दोरी नेली. ऐटीत टोक सोडलं, दोरी सरसर खाली. वनमजुराला कौतुक शून्य. त्याची स्वतःची दोरी साखरेच्या रिकाम्या पोत्यात होती, मूठमूठ कोंबलेली, शेवटचं टोक तेवढं तोंडाशी बांधलेलं. त्यानं ते ओढलं, आणि जशी भरली तशी उलट्या क्रमानं सगळी बाहेर आली. ना आठ, ना वेढे.

परतल्यावर अक्कांना सांगितलं. आता त्यांना सुईत दोराही दिसत नाही. ऐकून म्हणाल्या, "नायलॉन आहे म्हणून. त्याला म्हणावं, चादरीचं सूत भर पोत्यात."