तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तुमची बाबा मजा असते!’

डिसेंबर लागला की ऑफिसात कुणी ना कुणी मला विचारतंच, ‘‘थर्टीफर्स्टला तुमच्याकडे काय असतं गं? तुम्हा ख्रिश्चन लोकांची बाबा मजा असते. नाचगाणी, वाईन, पार्टी!’’ विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. जुन्या हिंदी सिनेमातला ख्रिश्चन माणूस डोक्यावर हॅट, हातात बाटली अशा थाटात झुलतच यायचा आणि त्याची मुलगी क्लबात नाचायची. ते चित्र लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की डब्यात मेथीची भाजी आणणारी मी त्यात कुठे बसतच नाही.

तर 31 डिसेंबरला रात्री बारा वाजता मी देवळात असते. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. सरत्या वर्षाचे उपकार मानायची ती उपासना, आम्ही सगळे तिला ‘वॉच नाइट’ म्हणतो. बाहेर फटाके फुटत असतात आणि आत आम्ही गुडघे टेकलेले. घंटा झाली की पुढच्या बाकावरच्या आजींपासून मागच्या पोरांपर्यंत सगळ्यांशी हात मिळवायचा, मग आवारात चहा आणि केकचा तुकडा. त्या वेळी पुण्यातल्या एमजी रोडवर लाल टोप्या घालून फिरणाऱ्या गर्दीत माझ्या ओळखीचे निम्मे लोक असतात. त्यांच्यात ख्रिश्चन शोधावा लागेल.

अर्थात पुण्यातले ख्रिश्चन म्हणजे काही एकच घर नाही. कॅम्पात गोवेकर कॅथलिक आहेत, तमिळ आहेत, मल्याळी आहेत. प्रत्येकाची भाषा वेगळी, सण साजरे करायच्या तऱ्हा वेगळ्या. त्यांच्यातल्या काहींकडे नाताळात जोडीने नाचायची पद्धत आहे, आणि ते सुरेख नाचतात. आम्ही नगरकडचे मराठी प्रोटेस्टंट. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत पणजोबा शिकले, आजोबा नोकरीसाठी पुण्यात आले. 1970 मध्ये बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या, म्हणजे चर्चसंस्था, एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (सीएनआय) झाली, तेव्हापासून आमचं देऊळही त्यातच. आमच्याकडे नाचापेक्षा गाणं फार. आणि तेही कसं, तर पेटी, तबला, झांजा. ज्यांना ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ आहे त्यांना रेव्हरंड ना. वा. टिळक माहीत असतात, पण 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीची भजनं आमच्याकडे आजही रविवारी गातात, हे ऐकून ते चकित होतात. ‘उपासना संगीत’ हे आमचं गाण्यांचं पुस्तक प्रत्येक घरात असतं. आमच्या घरच्या प्रतीचं पुठ्ठं आजीने साडीच्या काठाने शिवलंय आणि कोणतं गीत कुठल्या रागदारीच्या चालीवर म्हणायचं ते तिने पेन्सिलीने कडेला लिहून ठेवलंय.

आमचे घरातले सगळे टप्पे या पुस्तकावर चालतात. बाळाचा बाप्तिस्मा, बारशाचं जेवण, दृढीकरण (मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी), साखरपुडा, नवीन घर, अगदी सेकंडहँड स्कूटरसुद्धा. काही चांगलं झालं की घरी उपकारस्तुतीची सभा ठेवायची. मला नोकरी लागली तेव्हाही ठेवली. दाराशी चपलांचा ढीग, सोफा भिंतीला लावून खाली सतरंज्या, पंख्याखाली पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू. दोन गाणी झाली आणि आई ‘साक्ष’ द्यायला उभी राहिली. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. आईने माझ्या दहावीच्या गणितापासून सुरुवात केली. अकरावीची एटीकेटी आली, इंटरव्ह्यूत तीनदा नापास होणं आलं, मधल्या काळात मी कशी चिडचिड करायचे तेही आलं. आत्या डोळे पुसत होत्या आणि मी दाराआड पोह्यांवर खोबरं पेरत होते. ते संपतंय तोवर पाळकसाहेबांनी विचारलं, ‘‘आणखी कुणाच्या विनंत्या?’’ तेव्हा मावशी म्हणाली, ‘‘आता हिच्यासाठी योग्य स्थळ मिळावं.’’ सगळ्यांनी डोळे मिटले. पुढे कित्येक महिने देवळाच्या आवारात ओळखीची, अर्धवट ओळखीची माणसं मला थांबवून सांगत होती, ‘‘आम्ही प्रार्थना करतोय हं तुझ्यासाठी.’’

हे प्रेम आहे हे मला कळतं. पण मंडळीत, म्हणजे एका देवळाच्या सगळ्या कुटुंबांत, गुपित म्हणून काही उरत नाही, हेही तितकंच खरं. बाहेरच्यांना आमच्यात ‘मोकळेपणा’ दिसतो. मी म्हणते, एकदा आमच्या महिला मंडळाच्या तावडीत सापडून बघा.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा रविवारच्या उपासनेत सलग तीन आठवडे घोषणा झाली. अमुक यांची कन्या, तमुक यांचे चिरंजीव, कुणाची कायदेशीर हरकत असल्यास कळवावी. दर वेळी भाऊ खोकून हात वर करायचं नाटक करायचा आणि बाबा त्याला कोपराने ढोसायचे. लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत आमच्याकडे सहसा लग्न धरत नाहीत, त्यामुळे ईस्टर झाल्यावर हॉल मिळवायला ही धावपळ. हळद झाली, जात्यावरच्या ओव्याही झाल्या, त्यात येशूबाळ आणि मरियामाई गुंफलेल्या. मंगळसूत्रात काळे मणी तेच, मधोमध छोटा क्रूस. देवळात शपथा, अंगठ्या, रजिस्टरवर सह्या, आणि हॉलवर बिर्याणी. ताईच्या ऑफिसातला एकजण जेवण झाल्यावर बराच वेळ घुटमळला आणि शेवटी भावाला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘बाकीचं कुठे ठेवलंय?’’ त्याला पन्ह्याचा आणखी एक ग्लास मिळाला.

आमच्यात कुणी पीतच नाही असा आव मी आणणार नाही. पितात, जसे इतर घरांत पितात तसेच, आणि त्यावरून घरात भांडणंही तशीच होतात.

आजोबा गेले तेव्हाही गाणी होतीच. त्यांनी स्वतःच पाच निवडून ठेवली होती, क्रमांकासकट. रात्रभर पाळीपाळीने लोक गात बसले. माझी शाळेतली मैत्रीण भेटायला आली होती, ती जिन्यातच थबकली. तिला वाटलं चुकून भलत्याच मजल्यावर आलो.

रविवार सकाळचं मात्र माझं दुःख आहे आणि ते मी लपवत नाही. सगळं पुणं रविवारी सिंहगड चढतं. ऑफिसचा ट्रेक रविवारी, मित्रांचं क्रिकेट रविवारी, स्पर्धा परीक्षा रविवारी. आतेभावाची एका भरतीची परीक्षा नेमकी ईस्टरला आली. पहाटेची उपासना उरकून तो तसाच, नव्या शर्टात, परीक्षा केंद्रावर पळाला. लहानपणी आजीचा नियम होता की रविवारी सिनेमा नाही. आता मी दुपारी पांघरुणात मोबाइलवर सिरीज बघते. आजी तेव्हा झोपलेली असते, किंवा झोपल्याचं दाखवते.

आणि तुम्ही म्हणता ती मजा? ती असते डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात. नाताळच्या आधी आमचा युवक संघ रात्री घरोघर गाणी गात फिरतो. टेम्पोत ढोलकी, गिटार, एक खोकणारा सांता. गुरुवार पेठेतून निघायचं, पंचहौदाच्या बाजूने, पुढे हडपसर, वडगाव शेरी, जिथे जिथे मंडळीतलं कुटुंब राहतं तिथे. रात्री दोन वाजता चौथ्या मजल्यावरच्या काकू दार उघडतात तेव्हा त्यांच्या अंगावर जरीची साडी असते आणि टेबलावर करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या मांडलेल्या. बाराव्या घरी करंजी घशाखाली उतरत नाही, पण नाही म्हणायची सोय नाही. सोसायटीचे वॉचमन आधी हटकतात, मग मोबाइल काढून शूटिंग करतात.

यातले दोन डबे दर वर्षी ऑफिसात जातात. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिश्चनांकडे, लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळींनी चहा घेतला म्हणून या शहरात केवढा गहजब झाला होता, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली होती. आमच्या ऑफिसात करंज्या साडेअकराला उघडल्या की पावणेबाराला डबा धुवायला मोकळा. एका जोशीकाकूंनी तर सारणात खसखस कमी पडल्याचंही सांगितलं.

तुम्हाला एखादाच दिवस यायचं असेल तर मी वॉच नाइटला बोलावणार नाही, कापणीच्या सणाला बोलावीन. दिवाळीच्या आगेमागे असतो. लोक शेतातलं, कुंडीतलं, नाही तर सरळ मंडईतलं काहीबाही वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. पैसे मंडळीच्या कामाला. गेल्या वर्षी एका दुधी भोपळ्यावरून बाबा आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका असे पेटले की बोली चाळीसवरून अकराशेवर गेली. बाबा जिंकले. त्यांनी लगेच तो भोपळा परत टेबलावर ठेवला, ‘‘पुन्हा लावा’’ म्हणाले, आणि काकांनी तो सातशेला घेतला. काकूंनी घरी जाताना आईला थांबवून विचारलं, ‘‘तुमच्याकडे दुधी खातं का कुणी?’’