मार्काचं शेवटचं पान

मी लंडनला आल्यापासून जालन्याहून मेसेज येतात, बहुतेक आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण पोरांचे आणि बहुतेक रात्री उशिरा. "दादा, खरं सांग, तिकडं गेल्यावर तुझा विश्वास राहिला का?" राहिला. पण जसाच्या तसा नाही राहिला, आणि त्यात भिण्यासारखं मला काही दिसत नाही.

गावाकडं हे बोलणं जड का जातं, ते मला ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. आमच्यासारख्या घरांमध्ये पाटी-पेन्सिल मिशनच्या शाळेतून आली, मान बाप्तिस्म्यानंतर मिळाला. त्यामुळं शंका काढली की आपण पणजोबांच्याच विरुद्ध उभे राहिलो असं वाटतं. पाळकसाहेब रागावतील ही भीती नंतरची.

इथं लंडनमध्ये उपासनेनंतर चहा असतो. एका आजोबांनी पाळकांच्या कपात दूध ओतता ओतता सांगितलं, "कुमारीच्या पोटी जन्म, याची मला अजून खात्री पटलेली नाही." पाळक म्हणाले, बसून बोलू. पुढच्या रविवारी शास्त्रपाठ त्याच आजोबांनी वाचला. मला हे फार मोलाचं वाटतं. मात्र इथल्या कितीतरी चर्चमध्ये बाकं रिकामी असतात, आणि पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं जीव ओतून म्हणणारी आपली मंडळी मला रोज आठवते.

ब्रिटिश लायब्ररीत कोडेक्स सिनाइटिकस आहे: चौथ्या शतकात हातानं लिहिलेलं ग्रीक बायबल. काचेपाशी वाकून पाहिलं. कातड्याचं पान, चार उभे रकाने, दोन शब्दांत जागाच नाही, आणि ओळींच्या वर, समासात बारीक अक्षरांतल्या दुरुस्त्या. कुणीतरी लिहिलं, दुसऱ्यानं तपासलं, पुन्हा कुणी सुधारलं. घरी येऊन त्यातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचं, म्हणजे मार्कानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राचं, शेवटचं पान ऑनलाइन उघडलं (ते कुणालाही फुकट पाहता येतं). सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी शुभवर्तमान संपतं. स्त्रिया कबरेपासून पळतात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. पुढची बारा वचनं, ज्यांत मेलेल्यांतून उठलेला येशू शिष्यांना दिसतो आणि जी आपण लहानपणापासून वाचली, त्या पानावर नाहीतच.

त्या रात्री झोप आली नाही. पण मी वाचत राहिलो. मार्काच्या आधी, पहिल्या शतकातल्या पन्नाशीच्या दशकात प्रेषित पौलानं करिंथकरांना पत्र लिहिलं, त्याच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थानाची, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठल्याची, साक्ष आहे. म्हणजे सगळा भार त्या बारा वचनांवर नव्हता. माझ्यापुरतं सांगायचं तर पुनरुत्थान राहिलं. प्रत्येक अक्षर वरून जसंच्या तसं उतरलं, हे गेलं. यूट्यूबवरचे दोन व्हिडिओ पाहून धर्म सोडणाऱ्यांना आणि तसेच दोन व्हिडिओ पाहून दुसऱ्याचं तोंड बंद करणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे: घाई करू नका, मूळ पान तरी बघा.

आणि प्रश्न विचारणं हे परदेशी खूळ आहे असं कुणी म्हटलं, तर त्याला पंडिता रमाबाईंबद्दल सांगा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांत नुसता सांगितला म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना त्यांनी स्पष्ट कळवलं की, एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, आता दुसरं मानेवर घेणार नाही. ख्रिस्ताला मात्र त्यांनी सोडलं नाही. पुढं केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल त्यांनी मराठीत आणलं.

पप्पांना मार्काचं ते पान दाखवायला मी बरेच दिवस कचरत होतो. शेवटी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, आपलं पवित्र शास्त्र काढलं, आठवं वचन मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "त्या बायांनी कुणाला सांगितलंच नसंल, तर मार्काला कळलं कसं?"

आता दर रविवारी आम्ही चारही शुभवर्तमानांचे शेवटचे अध्याय शेजारी ठेवून वाचतो. मत्तय झाला. लूकपासून मम्मीही बसायला लागली आहे, आणि तिचे प्रश्न पप्पांपेक्षा अवघड आहेत.